मुलांच्या हातीं वाद्य द्या!

(एका गांवच्या पालक-सभेंत झालेलें भाषण)



मुलांच्या गायनवादनाच्या शिक्षणाविषयीं बोलावें, अशी मला आज्ञा झाली आहे. तुमच्यापैकीं कित्येकांच्या मनांत आलें असेल कीं, "भाकरीची चिंता मिटत नाहीं, आणि पोराला सारेगम शिकवून काय करायचें? गाणें हें भरल्या पोटाचें काम!"

मी विचारतों, गाणें आपल्या घरांत नवें आहे काय? जात्यावरची ओवी कोणी रचली? मोटेवर गाणें कोण म्हणे? एकादशीच्या रात्रीं टाळ-पखवाज कोणाच्या हातीं असतो? गाणें आपलेंच आहे. आपल्याला मिळालें नाहीं तें त्याचें शास्त्र.

मिरजेचे तंबोरे आणि सतारी साऱ्या देशांत नांवाजलेल्या. त्या घडविणारीं घराणीं शिकलगारांचीं. तरवारीला धार लावणें हा त्यांचा मूळ धंदा. तो बसला तेव्हां त्याच हातांनीं त्यांनीं वाद्यें घडविलीं. 2024 सालीं या वाद्यांस सरकारचें भौगोलिक मानांकन मिळालें. आणि तंबोऱ्याचा भोपळा कोठला? पंढरपुराकडच्या शेतांतला! म्हणजे भोपळा पिकविणार शेतकरी, वाद्य घडविणार कारागीर. पण तंबोरा लावून गावयास बसण्याची वेळ आली कीं आमचें मूल दाराबाहेर. असें कां व्हावें?

एके काळीं ही विद्या घराण्याघराण्यांच्या कुलपांत होती. पुढें 1901 सालीं विष्णु दिगंबर पलुसकरांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून शाळेसारखें गाणें शिकविण्यास आरंभ केला. भातखंड्यांनीं उस्तादांकडून चिजा मिळवून, स्वरलिपीसह, मराठींत क्रमिक पुस्तकांचे सहा भाग छापले. कुलूप तेव्हांच निघालें. आतां आपणच दार लोटलें नाहीं, तर दोष कोणाला द्यावा?

आतां फायदा काय तें ऐका. तीनतालाच्या मात्रा 16, झपतालाच्या 10, रूपकाच्या 7. टाळी कोठें, खाली कोठें हें बोटांवर मोजीत मूल समेवर येतें. चुकलें तर त्याचें त्यालाच कळतें. छडी लागत नाहीं. रोज तेंच घोटतां घोटतां महिन्याभरानें हात वळतो, तेव्हां "कष्टानें येतें" ही गोष्ट त्याला उपदेशाशिवाय पटते. चार मुलें मिळून गाऊं लागलीं कीं दुसऱ्याचें ऐकल्यावांचून भागत नाहीं. आणि चारचौघांत तोंड उघडण्याची भीड मोडते. कचेरींत साहेबापुढें मान खालीं घालून उभें राहणाऱ्या आपल्या लोकांना हा गुण थोडा आहे काय?

मात्र भूलथापांना बळी पडूं नका. 1993 सालीं अमेरिकेंत 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटें मोझार्टचें संगीत ऐकवून एक प्रयोग झाला. त्यांत दिसलेला फरक पाव तासांत ओसरला. पण "संगीतानें मूल हुशार होतें" अशी हाकाटी जगभर झाली. गाण्यानें गणितांत मार्क वाढतील, असें वचन मी देत नाहीं. गाणें ही स्वतःच एक विद्या आहे, एवढें पुरे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतों. हलगी-सनईवाल्याला मांडवाबाहेर उभें करावयाचें आणि त्याच्याच वाजविण्यावर आपलें लग्न साजरें करावयाचें, ही आपली रीत. मग त्याच्या मुलानें वडिलांचें वाद्य लाजेनें कां टाकूं नये? बिस्मिल्ला खानांनीं हीच सनई मैफलींत मानानें बसविली आणि 2001 सालीं ते भारतरत्न झाले. वाद्याला जात नसते. जात आपल्या डोळ्यांत असते. आपल्या शाळेंत हलगी शिकवावयाची तर ती सर्वांच्या मुलांना शिकवा, आणि शिकविणाऱ्याला गुरुजी म्हणून खुर्ची द्या.

मुलींनाही मागें ठेवूं नका. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर अल्लादियाखांसाहेबांपाशीं शिकल्या. 1977 सालीं अमेरिकेनें आकाशांत धाडलेल्या व्हॉयेजर यानांवर त्यांचें गाणें आहे. आपली मुलगी पाटावर बसून तबला वाजवूं लागली तर आभाळ कोसळेल काय?

खर्चाला भिऊं नका. प्रथम पेटी विकत घेण्याची घाई नको. देवळांतला पखवाज आणि टाळ आठवड्यांतून दोन संध्याकाळ मुलांच्या हातीं द्या. दहा घरांनीं मिळून एक शिक्षक ठेवा. घरीं रोज अर्धा तास मुलाला शेण-पाण्याच्या कामांतून मोकळें करा. हीच खरी फी. गोडी लागली तर पुढें गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेतच. न लागली तरी मूल चांगला श्रोता होईल.

लग्नांत भाड्याच्या कर्ण्यावर एका रात्रींत जो पैसा उडतो, त्यांतला थोडा या कामीं लावा. भोपळा आपण पिकविला, तंबोरा आपण घडविला. आतां सूरही आपल्याच मुलांनीं लावावा, एवढें मागून मी आपली रजा घेतों.