दोन सर्व्हर, एक गाडी
(स्वागताध्यक्षीय भाषण)



या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपलं पुण्यात मनापासून स्वागत करते. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) याच शहरातली. गाड्या पारखण्याचं काम इथे जुनं आहे. आता जर्मनीत लिहिलेल्या रिक्वायरमेंटवरून, म्हणजे गाडीने काय करायला हवं या लेखी अटींवरून, गाडीचं सॉफ्टवेअरही इथे घडतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर तिकडे, सप्लायरचा इकडे. व्यावसायिक गुपितं सांभाळायची तर ते वेगळेच राहणार, आणि राहावेत.

पण वेगळ्या ठिकाणच्या रिक्वायरमेंटमध्ये दुवा नसला की काय होतं, ते पाहा. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून निघालेलं एरियान ५ रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही, हे आपण सगळेच शिकलो. चौकशी अहवालातली दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. दिशादर्शक यंत्रणा एरियान ४ वरून घेतली होती आणि तिच्या रिक्वायरमेंटमध्ये नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची माहिती घातलीच नव्हती. शिवाय जी आकडेमोड कोसळली, तिची उड्डाणानंतर एरियान ५ ला गरजच नव्हती. ती जुन्या रॉकेटची रिक्वायरमेंट होती, तशीच राहून गेली. ही रिक्वायरमेंट आता कोणासाठी, असं विचारणारा दुवाच नव्हता.

असा दुवा ठेवायला साधनं आहेत. रिक्वायरमेंट सांभाळणाऱ्या डोअर्ससारख्या साधनात एकाच डेटाबेसमधली लिंक दोन्ही टोकांना दिसते. मूळ वाक्य बदललं, तर ती संशयित म्हणून दाखवता येते. सर्व्हर बदलला की हे सुख संपतं. २०११ साली ओएमजी या संस्थेचं मानक झालेल्या रेकआयएफ या फाइल-स्वरूपामुळे फाइल इकडून तिकडे गेली तरी प्रत्येक रिक्वायरमेंटची ओळख टिकते. पण फाइल ही त्या दिवसाची प्रत. ओएसएलसी या वेब-मानकांची वाट मला जास्त पटते: रिक्वायरमेंट मालकाच्याच सर्व्हरवर राहते, आपण तिच्या वेब पत्त्याशी जोडून घेतो. त्यातही खाचखळगे आहेत. सर्व्हरचं नाव बदललं की लिंक तुटतात, परवानगी नसली की समोरचं वाक्य दिसत नाही. आणि सर्वांत अवघड प्रश्न बेसलाइनचा, म्हणजे गोठवून ठेवलेल्या आवृत्तीचा. समजा, ब्रेकच्या प्रतिसादाची मर्यादा २०० मिलिसेकंदांवरून १५० वर आली. आपली टेस्ट कोणत्या आवृत्तीशी जोडलेली आहे? लिंक फक्त 'ताज्या' वाक्याकडे बोट दाखवत असेल, तर जुन्या आकड्यावर पास झालेली टेस्ट नव्या आकड्यापुढे हिरवी दिसत राहील. यातून माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

गाडीच्या सॉफ्टवेअर-प्रक्रिया तपासणारं ऑटोमोटिव्ह स्पाइस हे मॉडेल दोन्ही दिशांनी ट्रेसेबिलिटी मागतं, म्हणजे रिक्वायरमेंटपासून टेस्टपर्यंत आणि उलटही माग काढता यायला हवा. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एक्सेलमध्ये भरलेल्या मॅट्रिक्सला मी ट्रेसेबिलिटी मानत नाही.

म्हणून एक विनंती. इथे कंपनीवाले आणि सप्लायरवाले वेगवेगळ्या रांगांत बसू नका. प्रत्येक लिंक कोणी राखायची, बदल किती दिवसांत कळवायचा आणि कोणत्या बेसलाइनवर काम करायचं, हे एकत्र बसून ठरवा आणि पुढच्या प्रकल्पाच्या करारातच लिहून घ्या.