हाडावरची गाठ

मंडळी, मागच्या बैठकीत एका आजीबाईंनी आम्हाला विचारले, "डाक्टर, माझ्या नातवाच्या गुडघ्याशी हाड वर आले आहे. पोरगा दिवसभर उड्या मारतो. दुखत नाही, खुपत नाही. मग दवाखान्यात कशाला न्यायचा?" प्रश्न चांगला होता. म्हणून आज हाडावरच्या गाठीविषयीच बोलू.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. मुलाची हाडे टोकांशी वाढतात. पायाची सर्वांत जास्त वाढ गुडघ्यापाशी होते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक, या त्या जागा. झाडाला जिथे फूट येते तिथेच कधी वेडीवाकडी फूटही येते. हाडाचेही तसेच आहे. साधी गाठ असो की वाईट गाठ, ती पुष्कळदा गुडघ्यापाशीच होते. दंडाच्या हाडाचे खांद्याजवळचे टोक, हीही तशीच जागा. म्हणून नुसत्या जागेवरून गाठ ओळखता येत नाही.

आजीबाईंच्या नातवाचा एक्सरे फोटो काढला. हाडाला खुंटी फुटावी तसे दिसले. अशा खुंटीवर कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी लवचिक टोपी असते. हाडाच्या साध्या गाठींत ही गाठ सर्वांत जास्त आढळते. मूल वाढते तोवर ती वाढते. मुलाची उंची थांबली की तीही थांबते. ती कॅन्सर नव्हे. शिरेवर दाब आला किंवा चालताना खुपू लागली, तरच ती काढावी लागते. पण एक ध्यानात ठेवा. मोठेपणी ती पुन्हा वाढू लागली किंवा दुखू लागली, तर लगेच दाखवा. क्वचित तिचाही कॅन्सर होतो.

आता वाईट गाठ. ती बहुधा दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींना होते. पोर उंच होण्याच्या भरात असते, आणि गुडघा दुखू लागतो. आधी गाठ दिसतच नाही. नुसते दुखते. आज दुखते, उद्या राहते. मग रोज दुखते. मग रात्री झोपेतून उठवते. पुढे सूज येते, कातडी ताणते, पोर लंगडते. एखाद्याचे हाड साध्या ठेचेने मोडते. हाडाचा आणखी एक कॅन्सर मुलांना होतो. त्यात तापही येतो, आणि सूज गरम लागते. घरचे गळू समजून पोटीस बांधतात.

अशा वेळी घरात कोणीतरी म्हणतेच, "अहो, तो बैलगाडीवरून पडला होता ना?" पडला असेलही. कोणते पोर पडत नाही? मार लागल्याने कॅन्सर होत नाही. पण मार आठवला की दुखण्याला सोपे कारण सापडते आणि महिने जातात.

हे काही आपल्याच गावात घडते असे नाही. कॅनडा देशात टेरी फॉक्स नावाचा एक तरुण खेळाडू होता. १९७६ साली त्याच्या मोटारीला अपघात झाला. पुढे गुडघा दुखू लागला. त्याला वाटले, अपघाताचेच दुखणे आहे. खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्याने कळ काढली. मार्च १९७७ मध्ये कळले की हाडाचा कॅन्सर आहे. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. पण गडी मोठा हिमतीचा! १९८० साली कृत्रिम पाय लावून तो देश पार करायला धावत निघाला. कॅन्सरच्या संशोधनासाठी त्याला पैसे जमवायचे होते. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग कॅन्सर फुप्फुसात दिसला, आणि त्याला थांबावे लागले. जून १९८१ मध्ये तो वारला. वय अवघे बावीस.

हा कॅन्सर रक्तातून फुप्फुसात जातो. पूर्वी नुसता पाय कापत, तरी पाचांतले चार जण दगावत. आता आधी औषधे देतात, मग गाठ काढतात, मग पुन्हा औषधे देतात. रोग पसरण्याआधी रोगी आला आणि त्याने उपचार पुरे केले, तर दहांतले सहा-सात जण जगतात. पुष्कळांचा पायही वाचतो. रोगट हाड काढून तिथे धातूचे हाड बसवतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथे ही कामे होतात.

हाडवैद्यावर आमचा राग नाही. पण त्याच्या बोटांना हाडाच्या आतले दिसत नाही. जी सूज वाढते आहे आणि रात्री ठणकते आहे, तिला तेल लावून चोळू नका. बिब्बा घालू नका. डाग देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत दुखणे ओसरले नाही, तर आधी फोटो काढा.

रात्रीचे दुखणे म्हणजे कॅन्सरच, असेही नाही. वाटाण्याएवढी एक साधी गाठ हाडात होते. तीही रात्री फार दुखते, आणि साध्या गोळीने थांबते. पण हे घरी बसून ठरवू नका. तिशीच्या आसपासच्या माणसांना आणखी एक गाठ होते. ती बहुधा कॅन्सर नसते, पण सांध्याजवळचे हाड पोखरते. आणि म्हाताऱ्या माणसाची पाठ रात्रंदिवस दुखत असेल, तर ते केवळ वयाचे म्हणून सोडू नका. दुसरीकडचा कॅन्सर हाडात उतरलेला असू शकतो.

डाक्टर गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगतात. लोक म्हणतात, "हत्यार लागले की रोग पसरतो." या भीतीने किती जण परत जातात! तुकडा नीट काढला तर तसे होत नाही, आणि तुकड्यावाचून रोगाची खात्री होत नाही. मात्र जिथे पुढचे ऑपरेशन व्हायचे, तिथेच तो काढून घ्यावा. भलत्या जागी चिरा पडला, तर पाय वाचवणे अवघड होते.

जुना फोटो फेकू नका. पिशवीत सपाट ठेवा आणि दर खेपेला बरोबर न्या. गाठ वाढली की तेवढीच राहिली, हे दोन फोटो शेजारी धरले की चटकन दिसते. आजीबाईंच्या नातवाचा पुढचा फोटो आम्ही वर्षाने काढणार आहोत.