मोबाईल गेला तर जाऊ दे

(ताज्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा नेटपॅक संपलाय त्यांच्यासाठी. बोलण्यातली अडखळ काढली आहे, बाकी जशी बोलले तसंच ठेवलंय.)

हा भाग ऐकताना तुम्ही लोकलच्या दाराशी उभे असाल आणि मोबाईल हातात असेल, तर आधी एक काम करा. मला बोलू द्या, पण मोबाईल खिशात टाका आणि दोन पावलं आत या. का, ते सांगते.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. ऑफिसमधून निघायला उशीर झाला होता. रात्री पावणेनऊची स्लो लोकल, लेडीज डबा. गर्दी ओसरली होती, बसायला जागासुद्धा होती. पण मी दाराशी उभी. वारा लागतो, रेंज बरी मिळते, सवयही तीच. एका कानात हेडफोन, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात मोबाईल. भावाशी चॅटिंग चालू होतं, आईच्या वाढदिवसाचा केक कुठून आणायचा यावर.

स्टेशन आलं, तीन-चार बायका उतरल्या, गाडी सुटली. प्लॅटफॉर्मवर एक मुलगा गाडीबरोबर धावत होता. मला वाटलं, गाडी पकडतोय बिचारा. 'अरे, लेडीज आहे' असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा हात आत आला आणि मोबाईल गेला. हेडफोनची वायर कानातून ओढली गेली, तेव्हा कळलं काय झालं ते.

आणि मी काय केलं असेल? त्याच्यामागे उतरायला निघाले. चालत्या गाडीतून. एक पाय दारात, दुसरा बाहेर हवेत. मी विचार करून ठरवलं असं नाही, पाय आपोआपच निघाले.

तेवढ्यात माझ्या सॅकला मागून जोरात हिसका बसला आणि मी डब्यात आपटले. दाराजवळच्या सीटवर एक मावशी मटार सोलत बसल्या होत्या. मांडीवरची पिशवी तशीच टाकून त्यांनी माझी सॅक धरली होती. मटार डबाभर पसरले. त्या माझ्यावर खेकसल्या, "अगं, मोबाईल गेला, तू कुठे निघालीस?"

मी वळून बाहेर पाहिलं, तर प्लॅटफॉर्म संपत आला होता. मी उतरले असते तर कुठे पडले असते, हे त्या रात्री झोपताना माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि नंतर खूप दिवस येत राहिलं.

मी का निघाले होते?

हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला. बावीस हजारांचा मोबाईल, बारा हप्त्यांपैकी चार भरलेले. बावीस हजारांसाठी कोणी जीव देतं का? नाही ना. पण त्या क्षणी माझ्या हातातून बावीस हजार गेले नव्हते. बँक, ऑफिसचं ईमेल, आधार कार्डाचा फोटो, आजीचे व्हॉइस मेसेज, मैत्रिणींचे नंबर, सगळं एकदम गेलं होतं. सगळं एकाच डब्यात ठेवलेलं, आणि तो डबा कोणीतरी पळवला.

म्हणून आजच्या भागात मला एकच गोष्ट सांगायची आहे. 'मोबाईल सांभाळा' हे तुमच्या आईने हजार वेळा सांगितलंय. मी सांगते, मोबाईल असा ठेवा की तो गेला तर तुम्हाला जाऊ देता येईल. मागे धावायची वेळ येणार नाही अशी तयारी आधीच करून ठेवायची.

चोर कोणता क्षण निवडतो

आधी थोडं हे समजून घेऊ. माझ्या बाबतीत त्याने गाडी सुटण्याचा क्षण निवडला. गाडी हळू असते म्हणून तो धावू शकतो, आणि दोन-तीन सेकंदांत वेग वाढतो म्हणून आपण उतरू शकत नाही. खिडकीतही तेच. गज असले तरी हात आत येतो.

दुसरा प्रकार मुंबईकरांना माहीत आहे, फटका. दोन स्टेशनांच्या मध्ये, जिथे गाडी हळू होते तिथे, रुळांच्या कडेला उभा असलेला माणूस दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारतो. मोबाईल खाली पडतो, तो उचलतो आणि पळतो. यात मोबाईल जाणं ही त्यातली लहान गोष्ट. तोल जाऊन माणसं पडली आहेत, हातपाय गेलेत, जीव गेलेत.

रस्त्यावर बाईकवरून येतात. मागे बसलेला हात मारतो. आपण फुटपाथच्या कडेने मान खाली घालून मॅप बघत चालत असतो, मोबाईल रस्त्याच्या बाजूच्या हातात. रिक्षातही तसंच, सिग्नलला उघड्या बाजूने हात आत येतो.

यावर उपाय साधे आहेत. गाडी सुटताना आणि स्टेशनात शिरताना मोबाईल आत. दाराशी आणि प्लॅटफॉर्मकडच्या खिडकीत तर नाहीच. रस्त्यावर मॅप बघायचा तर एखाद्या दुकानाच्या पायरीवर थांबून, भिंतीकडे पाठ करून बघा, पुढची दोन वळणं लक्षात ठेवा आणि मग चाला. फुटपाथ असो वा नसो, गाड्या समोरून येताना दिसतील अशा बाजूने चाला. आणि हेडफोन एकाच कानात.

पण खरं सांगू? हे सगळं करूनही एखाद्या दिवशी आपण दमलेले असतो आणि चूक होते. म्हणून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा.

माझी तयारी शून्य होती

त्या रात्री शेजारच्या एका मुलीने तिचा मोबाईल दिला. म्हणाली, "ताई, घरी फोन लावा." मला एकच नंबर पाठ होता, बाबांचा. तोही शाळेच्या डायरीत वर्षानुवर्षं लिहिला म्हणून. भावाचा नंबर, ज्याच्याशी मी पाच मिनिटांपूर्वी बोलत होते, तो आठवेना.

घरी पोचले. भावाच्या मोबाईलवरून माझ्या गूगल खात्यात शिरायला गेले, म्हणजे हरवलेला मोबाईल लॉक करता येईल. गूगलने विचारलं, 'तुमच्या मोबाईलवर सूचना पाठवली आहे, हो म्हणा.' आता तो मोबाईल चोराकडे! मला रडायला आलं आणि हसूही आलं.

त्यात मोबाईल उघडाच गेला होता. म्हणजे मी टाईप करत असताना खेचला, स्क्रीन चालू. त्याला पासवर्ड फोडायची गरजच नव्हती.

आज रात्री करायची कामं

पहिलं. तुमचा आयएमईआय नंबर घ्या. डायल करा स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. पंधरा अंकी नंबर येईल, दोन सिमचा मोबाईल असेल तर दोन येतील. कागदावर लिहा. मोबाईलमध्ये सेव्ह करू नका, अहो, तोच तर जाणार आहे! बिल आणि खोकं जपून ठेवा.

दुसरं. चोरी ओळखणारं लॉक चालू करा. अँड्रॉइडमध्ये गूगलने २०२४ मध्ये 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' आणलं. मोबाईल हातातून हिसकावून कोणी पळालं तर ती हालचाल ओळखून स्क्रीन लॉक होते. तिथेच 'रिमोट लॉक' आहे. ते आधी चालू केलेलं असेल तर दुसऱ्याच्या मोबाईलवरून फक्त तुमचा नंबर टाकून तुमची स्क्रीन लॉक करता येते. आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे, तेही २०२४ मध्ये आलं.

तिसरं. सिमला पिन लावा. हे फार कमी लोक करतात. चोर तुमचं सिम काढून दुसऱ्या मोबाईलमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला येतात. पिन असेल तर ते सिम तिथे चालत नाही. पण आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकीचा टाकला तर सिम अडकतं आणि मग पीयूके नंबर लागतो.

चौथं. गूगल खात्याचे बॅकअप कोड काढा. आठ-आठ अंकांचे दहा कोड मिळतात. कागदावर उतरवून घरी कपाटात ठेवा. माझी त्या रात्रीची अडचण यानेच सुटली असती.

पाचवं. दोन माणसांचे नंबर पाठ करा. आणि फोटो, व्हॉइस मेसेज यांचा बॅकअप घ्या. आजीचा आवाज दुसरीकडे सेव्ह आहे हे माहीत असेल ना, तर पाय जागेवर राहतात.

एवढ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. एका वेब सिरीजचा एक भाग.

गेल्यावर पहिल्या तासात काय

क्रम महत्त्वाचा आहे. मी आधी इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलला होता, हसू नका. बरोबर क्रम असा: दुसऱ्याच्या मोबाईलवरून आधी स्वतःचा मोबाईल लॉक. मग सिम कंपनीला फोन करून सिम बंद. मग बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्डं बंद. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढे जाण्याआधी थांबवता येतात.

मग तक्रार. ट्रेनमध्ये किंवा स्टेशनात घडलं तर लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी. ट्रेनमध्ये असतानाच मदत हवी तर १३९, आणि कुठेही असाल तर ११२. हद्द आमची नाही असं कोणी म्हणालं तर 'झिरो एफआयआर' हा शब्द लक्षात ठेवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते. आणि हिसकावून नेला असेल तर 'गहाळ' लिहून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

त्यानंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआर म्हणून सोय आहे. तिथे आयएमईआय, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र देऊन मोबाईल ब्लॉक करता येतो. मग दुसरं सिम घालूनही तो भारतात कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. त्यासाठी तुमच्या नंबरचं नवीन सिम लागतं, कारण ओटीपी त्यावर येतो. आणि नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत, हे ध्यानात ठेवा. मला माहीत नव्हतं, मी दुकानात जाऊन भांडून आले.

दुसरी चोरी

नऊ दिवसांनी भावाला मेसेज आला. 'तुमचा हरवलेला मोबाईल सापडला आहे, जागा पाहण्यासाठी इथे दाबा.' हरवलेल्या मोबाईलच्या स्क्रीनवर संपर्कासाठी आम्ही त्याचाच नंबर टाकला होता. आम्ही दोघं आनंदाने उड्या मारल्या. लिंक उघडली, हुबेहूब कंपनीसारखं पान. त्याने ईमेल टाकलं, पासवर्ड टाकणार, तेवढ्यात मी वरचा पत्ता वाचला. स्पेलिंग चुकलेलं.

लॉक असलेला मोबाईल विकून फारसे पैसे येत नाहीत, उघडा असेल तर येतात. म्हणून ते आपल्याकडूनच किल्ली मागतात. मेसेजमधल्या लिंकवर कधीच पासवर्ड टाकू नका. मोबाईल सापडला की पोलीस फोन करून ठाण्यात बोलावतात, पासवर्ड मागत नाहीत.

शेवटचं

माझा मोबाईल परत आला नाही. आठ हप्ते मी नसलेल्या मोबाईलचे भरले. दर महिन्याला चिडचिड व्हायची. पण ठीक आहे.

त्या मावशींना मी नंतर शोधलं. त्याच वेळेची गाडी, तोच डबा, तीन-चार वेळा. एकदा भेटल्या. मी अर्धा किलो मटार घेऊन गेले होते. त्यांनी मला ओळखलंच नाही! सांगितल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, ती तू होय! मटार कशाला आणलेस? बस, सोलू लाग." मग आम्ही दोघींनी मिळून ठाण्यापर्यंत ते सोलले.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले, ती तुम्हाला देते. डब्यात कोणाचा मोबाईल खेचला गेला, तर चोराकडे बघू नका. ज्याचा गेलाय त्याच्याकडे बघा. त्याची सॅक धरा, दंड धरा, शर्ट धरा, पण त्याला उतरू देऊ नका. एक मिनिटाने तो भानावर येतो.

आणि तुमच्याच बाबतीत झालं, तर मावशींचं वाक्य आठवा. मोबाईल गेला, तू कुठे निघालीस?

चला, आता मोबाईल खिशात आहे ना? घरी पोचलात की कागद-पेन घ्या, आणि आईबाबांचा आयएमईआयसुद्धा लिहून ठेवा, ते स्वतः करणार नाहीत. पुढच्या भागात भेटू. सांभाळून जा.