दहा मिनिटं आणि वाटीभर तेल

(रौप्यमहोत्सवी आरोग्य शिबिरात सोसायटीच्या सभासद असलेल्या निवृत्त फिजिओथेरपिस्ट भगिनींनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला सांगितलंय, "ताई, दहाच मिनिटं बोला, नंतर वडे गार होतात." त्यामुळे विषयही दहा मिनिटांचाच घेतलाय : मालिश.

आपल्याला मालिश काही नवीन नाही. नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत पाटावर बसून आईकडून तेल-उटणं लावून घेतलेलं सगळ्यांना आठवत असेल. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाई आपल्या तिन्ही विंगांमध्ये येऊन गेल्यात. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासणारी आजीही अनेकांच्या घरी होती. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोकं, कान आणि पाय यांना, असं सांगितलंय. पण अजीर्ण झालं असेल तर करू नये, हेही तिथेच सांगितलंय. म्हणजे केव्हा थांबायचं हा विचार जुन्यांनीही केला होता. आपण तेवढाच विसरलो.

मालिशीने होतं काय? ताठलेले स्नायू सैल पडतात, मन शांत होतं, झोप बरी लागते. मान आणि कंबर दुखत असेल तर काही काळ आराम पडतो. होत काय नाही, तेही सांगते. चरबी विरघळत नाही, झिजलेला गुडघा भरून येत नाही. मालिश ही व्यायामाची सोबतीण आहे, त्याच्याऐवजी नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. आमच्या ह्यांच्या पायाला प्लास्टर होतं. ते निघालं आणि चार दिवसांनी पोटरी सुजली, दुखायला लागली. मी ड्यूटीवर. ह्यांनी परस्पर मालिशवाल्याला बोलावलं. सुदैवाने समोरच्या वहिनी डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी मला फोन केला, "अहो, भाऊंचा एकच पाय सुजलाय, गरम लागतोय. मालिश केलेली चालेल ना?" मी ओरडलेच, "हात लावू देऊ नका!" सोनोग्राफीत शिरेमध्ये रक्ताची गुठळी निघाली. पाय चोळला असता तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, आणि मग जिवावरच बेतलं असतं. पुढे काही महिने रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतल्या, आज ते समोर दुसऱ्या रांगेत बसलेत. एवढी वर्षं लोकांना शिकवणारी मी, पण घरात हे सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून आज तुम्हाला सांगतेय. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. ताप, ताजी जखम, हाड मोडल्याची शंका असेल तरीही मालिश नको.

तान्ह्या बाळांबद्दल दोन शब्द. हलक्या हाताची मालिश बाळाला आवडते, झोपही छान लागते. पण नाकात-कानात तेल घालू नका, नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाक ओढणं, पाय धरून उलटं करणं तर अजिबात नको. आणि पोटभर दूध पाजल्या पाजल्या मालिश नको.

मोठ्यांसाठी पद्धत सोपी आहे. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, तिळाचं किंवा खोबरेल, कुठलंही चालेल. पायावर हात खालून वर फिरवा. मधुमेह असणाऱ्यांना तळपायाला चटका कळत नाही, म्हणून तेल आधी तुम्ही स्वतःच्या मनगटावर लावून बघा. त्यांच्या बोटांच्या बेचक्यात तेल ठेवू नका. आणि शेवटी तळपाय कोरडे पुसा. तेलकट पायांनी बाथरूममध्ये घसरून पडणाऱ्या पेशंटना मी आयुष्यभर उभं करत आले आहे!

जाता जाता एक सांगते. मागच्या पावसाळ्यात आपल्या सोसायटीतल्या एका आजींचे पाय मी चेपून दिले. त्यांची मुलं परदेशी, रोज व्हिडिओ कॉल करतात, कशाची कमी नाही. पाच मिनिटं झाली असतील, आजी डोळे मिटूनच म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी कुणाचा तरी हात लागला गं." मला पुढे काही बोलता आलं नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपण चाळिशीत होतो, आता गुडघे धरून जिना चढतो. आपल्याला लिफ्ट मिळाली, सीसीटीव्ही मिळाला. आता नातवंडांना एवढंच शिकवा, की आठवड्यातून एकदा, मोबाईल बाजूला ठेवून, आजी-आजोबांच्या पायाला दहा मिनिटं तेल लावायचं. घरात आजी-आजोबा नसतील तर शेजारी आहेत. विचारून लावा, नाही म्हणणार नाहीत.

माझी दहा मिनिटं संपली. वडे गरम आहेत तोवर थांबते.