चवदार तळं आणि पुढच्या पिढ्या

20 मार्च 1927. महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून डॉ. आंबेडकर ओंजळभर पाणी प्यायले. तळं अस्पृश्यांसह सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव 1924 चाच, पण तो कागदावर राहिलेला. सत्याग्रहानंतर, 4 ऑगस्टला, पालिकेने तोही मागे घेतला!

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला भरलेल्या परिषदेसाठी बाबासाहेब बोटीने दासगावला उतरले. 25 तारखेच्या भाषणात त्यांनी या सभेचं नातं 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी जोडलं. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. जो कायदा घडवताना आपल्याला कुणी विचारलंच नाही, तो आपण का पाळावा?

संविधान लिहून झाल्यावरही हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी अमेरिकेच्या जेफरसनचा दाखला दिला: प्रत्येक पिढी जणू स्वतंत्र राष्ट्र, तिने पुढच्यांना बांधू नये. जेफरसनने तर कायद्याचं आयुष्य 19 वर्षं धरलं होतं. आपल्या संविधानात अशी मुदत नाही. कलम 368 मध्ये दुरुस्तीची वाट आहे.

चवदार तळ्याच्या वापरावरून कोर्टात गेलेला दावा उच्च न्यायालयात 1937 मध्ये निकाली निघाला. संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.