लम्पीतून वाचलेल्या गाईचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने गुरांच्या रोगावर काय बोलावे, असे आपणास वाटेल. परंतु ज्याच्या दारी एकच गाय आहे, त्याची ती गाय म्हणजेच रोजची मजुरी होय. ती आजारी पडली की घरातले एक कमावते माणूस आजारी पडले, असेच समजावे.

लम्पी चर्मरोगाची पहिली नोंद १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात झाली. आपल्या देशात तो २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ साली महाराष्ट्रभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले, कित्येक गावांत पोळ्याची मिरवणूक निघाली नाही. याचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. माणसाला हा रोग होत नाही.

ताप येतो, अंगावर गाठी उठतात. हे सर्वांना दिसते. आत काय चालते ते दिसत नाही. विषाणू शिरताच रक्तातील भक्षक पेशी धावून येतात आणि प्राणवायूपासून अतिशय जहाल द्रव्ये तयार करतात. हे त्यांचे शस्त्रच होय. पण या शस्त्राला आपपर भाव नाही. ते शरीराच्या स्वतःच्या पेशींची स्निग्ध आवरणेही जाळते. एरवी ही आग आवरणारी द्रव्ये शरीरात असतात. ग्लुटाथायोन हे त्यांतले एक. आग मोठी झाली की ती अपुरी पडतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. लम्पीने आजारी गुरांच्या रक्ततपासणीत जळिताच्या खुणा वाढलेल्या आणि ही रक्षक द्रव्ये घटलेली आढळली आहेत. बॉयलरमधील आग यंत्र चालवते. तीच बाहेर आली तर कारखाना जाळते. तसाच हा प्रकार.

मग उपाय कोणता? हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व भरपूर असते, वाळल्या कडब्यात ते फार कमी उरते; म्हणून चाऱ्याकडे लक्ष हवेच. सेलेनियमसारखे क्षारही उपयोगी आहेत, पण अधिक झाले तर तेच विष ठरतात. ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावेत. मात्र चारा हा लसीचा पर्याय नव्हे. लस शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते, त्यामुळे लढाई लवकर आटोपते आणि आग लहान राहते. २०२२ साली शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचून साथ आवरण्यात आली. ही लस गोठ्यात रोग शिरण्यापूर्वी टोचली पाहिजे. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही आठवडे लागतात.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. त्या साथीत शासनाने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये दिले. ते योग्यच झाले. पण जी गाय वाचली आणि आटली, जो बैल वाचला आणि जुवाखाली उभा राहीना, त्यांचे काय? १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने मृत्यूबरोबर अपंगत्वाचेही मोल धरले होते. हात गेलेला कामगार जिवंत आहे म्हणून त्याचे नुकसान झाले नाही, असे तो कायदा म्हणाला नाही. आतून जळलेल्या जनावराचे नुकसानही तसेच खरे आहे. रक्ताची तपासणी ते सांगू शकते. आपल्या हिशेबाच्या वहीत मात्र त्याला अजून रकाना नाही. तो रकाना मागणे हे दूध पिणाऱ्या शहरवासीयांचेही काम आहे.