मुंबई ते नागपूर : अंतर किती, वेळ किती ?

नकाशावर पट्टी ठेवून दोन विमानतळांमधील अंतर मोजणें सोपें आहे. त्या अंतरास लागणारा वेळ सांगणें तितकें सोपें नाहीं. सांताक्रूझपासून नागपूरच्या सोनेगांवपर्यंत सरळ रेषेंत सुमारें ६८५ किलोमीटर भरतात. लोहमार्गानें हेंच अंतर ८३७ किलोमीटर होतें, कारण आगगाडीला घाट चढावा लागतो आणि वाटेंतील गांवें गांठावीं लागतात. विमानास ही अडचण नाहीं. तरीहि अंतराला वेगानें भागिलें म्हणजे हिशेब पुरा झाला, असें नव्हे. हें १९४९ सालच्या रात्रीच्या विमानटपालानें उत्तम दाखवून दिलें.

त्या वर्षाच्या जानेवारींत ही योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्रीं एकेक विमान निघे. चारी विमानें नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि सकाळपर्यंत तीं आपापल्या शहरीं परतत. चार शहरें एकमेकांस थेट जोडावयाचीं, तर सहा मार्ग व जातां-येतां बारा फेऱ्या लागल्या असत्या. नागपूर मध्यभागीं असल्यामुळें चार विमानांत काम भागलें.

आतां वेळेचा विचार करावा. त्या काळच्या डकोटा विमानाचा वेग ताशीं २७० किलोमीटरच्या सुमारास धरला, तर मुंबईहून नागपुरास अडीच तास लागतात. दिल्ली सुमारें ८५० किलोमीटर, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर दूर. म्हणून कलकत्त्याच्या विमानास साडेतीन तासांहून अधिक वेळ हवा. सर्वांची गांठ एकाच वेळीं पडावयाची, तर कलकत्तेकरांस आपलें टपाल मुंबईकरांपेक्षां तासाभरानें आधीं बंद करावें लागणार. शिवाय एक विमान रखडलें कीं उरलेल्या तिघांस एक तर खोळंबावें लागे, नाहीं तर त्या थैल्या सोडून निघावें लागे.

याहून नवलाची गोष्ट दिल्लीच्या पत्राची. मुंबई ते दिल्ली थेट सुमारें ११३५ किलोमीटर, नागपूरमार्गें १५३५. म्हणजे पत्र ४०० किलोमीटर अधिक हिंडे, पण तें हिंडणें माणसें निजलेलीं असतां होई आणि सकाळीं पत्र दिल्लींत असे. अंतर वाढलें, परंतु दिवस वांचला.

१ एप्रिल १९४९ पासून साध्या पत्रासहि, विमानानें तें लवकर पोंचत असल्यास, जादा आकार न घेतां विमानानें नेण्याची सोय झाली. तेव्हां हा लाभ केवळ पेढीवाल्यांपुरता उरला नाहीं. घरच्या खुशालीचें पत्रहि त्याच थैलींत बसलें.

रात्रीची ती भेट आतां इतिहासजमा झाली आहे. आज मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकांत दीड तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. आकाशांत पूर्ण वेगानें तें अंतर तासाभराच्या आंत तुटेल. उरलेला वेळ धांवपट्टीकडे जाणें, चढणें, उतरणें व आपली पाळी येण्याची वाट पाहणें यांत जातो. आणि माहुलसारख्या खाडीकांठच्या वस्तींतून निघणाऱ्या प्रवाशाचें काय ? सांताक्रूझ त्यास सरळ रेषेंत अवघें नऊ-दहा किलोमीटर. पण चेंबूर-कुर्ल्याच्या गर्दींतून वाट काढतांना ते नऊ किलोमीटर कधीं कधीं तासाचे होतात.

म्हणून प्रवासाचा वेळ विमानतळापासून मोजूं नये, उंबरठ्यापासून मोजावा. विमानाचा वेग वाढविणें हें यंत्रज्ञाचें काम. उंबरठा आणि विमान यांमधील वेळ कमी करणें हें नगराचें काम आहे, आणि अजून तेंच अधिक बाकी आहे.